रुमालाखालचे हात आणि फोटोखालचा मजकूर

तापीकाठ:
परवा जळगावात छायाचित्रांचं प्रदर्शन पाहिलं. एका फोटोपुढे पाय अडकले. धुळ्याकडचा बैलबाजार. दोन माणसं समोरासमोर, मध्ये मळका रुमाल, रुमालाखाली दोघांचे हात. एकाची नजर बैलाच्या खुरांवर, दुसऱ्याची आभाळात. बराच वेळ बघत राहिलो. मग खालचा मजकूर वाचला. विश्वासाच्या या स्पर्शाने फोटोग्राफर आतून हलला म्हणे, आणि पुढे पानभर तेच. अहो, ते भाव करतायत! बोटं दाबून आकडा सांगायचा, बाजूच्याला कळू नये म्हणून वर रुमाल. गाव, तारीख, प्रसंग लिहा आणि गप्प बसा. तुम्हाला काय वाटलं ते आमच्या माथी का?

रावेरचा केळीवाला:
उलट बोलतो, राग मानू नका. वादळात माझी बाग झोपली. निसवलेली झाडं मधोमध मोडलेली, घड चिखलात. एकाने बांधावरून फोटो काढला आणि खाली नुसतं 'रावेर, जून' लिहून टाकला. लोक म्हणतात, 'व्वा, काय हिरवा रंग!' तोच माणूस आमच्या ओट्यावर पाणी प्यायला बसला तेव्हा त्याच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. ते एका ओळीत लिहिलं असतं, तर लोकांनी 'व्वा' म्हणायच्या आधी जरा विचार केला असता. गप्प बसणं प्रदर्शनाच्या भिंतीवर शोभतं भो.

तापीकाठ:
पण तुम्हाला हवी होती ती माहिती, भावना नव्हे. 'वादळात बाग पडली, कापणीला पंधरा दिवस होते', एवढं पुरलं असतं.

रावेरचा केळीवाला:
'पंधरा दिवस होते' ही तुम्हाला नुसती माहिती वाटते? आमच्या घरात येऊन म्हणून बघा.

जुनी निगेटिव्ह:
माहितीवरही फार भरवसा नको. अमेरिकी छायाचित्रकार डोरोथिया लँगने 1936 मध्ये कॅलिफोर्नियात एका मजूर आईचा फोटो काढला. मांडीवर तान्हं, खांद्यांत तोंड लपवलेली दोन पोरं. महामंदीचा चेहरा म्हणून जगभर गेला. लँगने नाव विचारलं नव्हतं. गाडीचे टायर विकून यांनी अन्न घेतलं, असं मात्र लिहून ठेवलं. 1978 मध्ये ती बाई पुढे आली, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. टायर विकलेच नव्हते, असं घरच्यांचं म्हणणं. फोटो अजून उभा आहे, टिपण मात्र लंगडं निघालं.
उलट छायाचित्रकार रघु राय यांचा 1984 चा भोपाळचा फोटो घ्या. मातीत पुरलं जाणारं लेकरू, कपाळावरून फिरणारा हात. रायना काय वाटलं हे कुणी विचारत नाही. पण 'भोपाळ' हा शब्द काढून बघा, काय उरतं?

सातपुड्याची लेक:
आमच्या काठी गावच्या होळीला कॅमेऱ्यांची रांग लागते. माझा भाऊ बुध्या होतो, म्हणजे नवस करून होळीत नाचणारा. कमरेला भोपळे, अंगावर राखेची नक्षी. त्याआधी कितीतरी दिवस नवस पाळतो, जमिनीवर झोपतो. फोटोखाली काय? 'आदिम ऊर्जेने मी भारावलो.' भारावलात, ठीक. पण त्याला एकदा विचारायचं तरी, भाऊ, हे कशासाठी? स्वतःचं मन उलगडायला पानभर जागा, आणि ज्याचा फोटो त्याला अर्धी ओळ नाही.

धुळ्याचा भाचा:
हाई काय शे भो, सगळे फोटोग्राफरच्याच मागे! मीही फोटो काढतो. एका स्पर्धेला फोटो पाठवला तर आयोजक म्हणे दीडशे शब्दांचं मनोगत जोडा, नाहीतर प्रवेशिका बाद. फोटो होता आमच्या आजीचा, कळण्याची भाकरी थापताना. मला काय वाटलं? भूक लागली होती! तेवढंच लिहिलं असतं तर बाद, म्हणून 'श्रमसंस्कृतीचा मूक हुंकार' लिहिलं. आजीला वाचून दाखवलं, ती म्हणे भाकर करपी ऱ्हायनी.

तापीकाठ:
हसलो. तुमचं 'भूक लागली होती' खरंच छापलं असतं, तर मी मत बदललं असतं कदाचित. केळीवाल्या भाऊंचं म्हणणं डोक्यातून जात नाहीये, पण त्या बैलबाजाराच्या फोटोबाबत मी हटणार नाही. पानभर लिहिलं, आणि बैल कितीला गेला ते नाहीच.