ईव्हीएम (एरर व्हेक्टर मॅग्निट्यूड, म्हणजे सिग्नल आदर्शापासून किती ढळला) -३४ वर अडलाय, दोष ॲम्प्लिफायरचा की मोजणीचा?

तरंगवेध: वाय-फाय ६ चं मॉड्यूल तपासतेय. ८० मेगाहर्ट्झची रुंदी, १०२४-क्वाम (१०२४ बिंदूंचं मॉड्युलेशन). ईव्हीएमची मर्यादा -३५ डीबी (जितका खाली तितका चांगला), माझं रीडिंग १६ डीबीएम (१ मिलिवॉटच्या तुलनेत डीबी) पॉवरला -३४. पॉवर कमी केली की सुधारेल म्हणून ६ वर आणली, तर थेट -२८! बाहेर २० डीबीचा ॲटेन्युएटर (सिग्नल क्षीण करणारा भाग) आहे, शिवाय ॲनालायझर (मोजणारं यंत्र) जपावा म्हणून त्याचं आतलं ॲटेन्युएशन ३० वर ठेवलंय. ॲम्प्लिफायर नापास म्हणून अहवाल देऊ का?

जुनी_लॅब: अहवाल थांबवा. ॲम्प्लिफायर दमत असता तर पॉवर उतरवल्यावर ईव्हीएम सुधारला असता. इथे उलट झालं, म्हणजे नॉइज ॲनालायझरचाच आहे.

हिशेब करू. १६ मधून २० आणि ३० गेले, ॲनालायझरच्या मिक्सरपाशी (सिग्नलची वारंवारता बदलणारा भाग) उरले -३४ डीबीएम. ८० मेगाहर्ट्झमधला औष्णिक नॉइज -१७४ (दर हर्ट्झमागे) अधिक ७९ (८० मेगाहर्ट्झचे डीबी), म्हणजे -९५ डीबीएम. त्यावर ॲनालायझरची नॉइज फिगर (तो स्वतः भर घालतो तो नॉइज), प्रीॲम्प (त्याचा आतला ॲम्प्लिफायर) बंद असेल तर २०-२५ डीबी धरा. नॉइज -७२ च्या आसपास आला, अंतर जेमतेम ३८ डीबी. यात -३५ कसा मोजणार? ॲनालायझर मॉड्यूलपेक्षा १० डीबीने सरस असला तरी रीडिंग ०.४ डीबीने बिघडतं, दोघे सारखे असले तर पूर्ण ३ डीबीने.

आतलं ॲटेन्युएशन २-२ डीबीने उतरवा, दर पायरीला ईव्हीएम लिहा. आधी सुधारेल, मग सपाट होईल, मग झपकन बिघडेल, कारण ओएफडीएमची (अनेक वाहक लहरी एकत्र पाठवायची वाय-फायची पद्धत) शिखरं सरासरीच्या १० डीबीहून वर जातात आणि मिक्सरमध्ये किंवा एडीसीत (सिग्नलचे आकडे करणारा भाग) कापली जातात. सपाट भागात मोजा. पॉवर बदलली की पुन्हा हेच करायचं. मी एकदा याचा कंटाळा केला आणि चांगले बोर्ड तीन आठवडे नापासांच्या ढिगात पडून राहिले. तेव्हापासून शेजारी ॲटेन्युएशन लिहिलेलं नसेल तर ईव्हीएमचा आकडा मी मानतच नाही.

सिग्नल_साखळी: चॅनलचा अंदाज (वाटेत सिग्नल किती बदलला) प्रिॲम्बलवरूनच (पॅकेटच्या सुरुवातीचा ठरलेला भाग) घेताय ना? डेटाही त्यात धरला तर आकडा उगाच गोड दिसतो.

तरंगवेध: प्रिॲम्बलच. १२ डीबीवर सपाट भाग सापडला! १६ डीबीएमला -३५.८, आणि ६ ला -४०. पण ०.८ डीबीच्या फरकावर पास म्हणायला हात धजत नाही.

जुनी_लॅब: बरोबर आहे तुमचं. मग लांब पॅकेट आणि मध्ये मोठा मोकळा वेळ ठेवून मोजा. बर्स्टच्या (प्रत्येक पॅकेटच्या) सुरुवातीला ॲम्प्लिफायर थंड असतो, चॅनलचा अंदाज नेमका तेव्हाच घेतला जातो. पुढे तो तापतो, गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) सरकतो, शेवटची सिम्बॉल (डेटाचे तुकडे) बिघडतात. तिथेही -३५ च्या खाली राहिला तर खुशाल पास करा.