एटीसी (जमिनीवरचे हवाई वाहतूक नियंत्रक) असताना टक्कर टाळायची जबाबदारी पायलटची कशी?

रानवेडा:
काल भावाशी वाद झाला. तो म्हणे दोन विमानं हवेत धडकली तर चूक एटीसीचीच, रडारवर दोन्ही त्यांनाच दिसतात ना. मी म्हटलं मग पायलट काय झोपा काढतात का. चरखी दादरीला दोन विमानं हवेत धडकली होती त्याचं उदाहरण दोघांनीही दिलं आणि दोघांनाही नीट माहीत नव्हतं 😄 नक्की नियम काय?

सुपारी_कातर:
दादरीत तुझा भाऊ हरला. १२ नोव्हेंबर १९९६, दिल्लीहून निघालेल्या सौदिया ७४७ ला १४,००० फुटांपर्यंतच परवानगी, उतरणाऱ्या कझाक इल्युशिनला १५,०००. समोरून विमान येतंय, १४ मैलांवर आहे, हेपण कंट्रोलरने कझाक विमानाला सांगितलं होतं. तरी ते १५,००० च्या खाली गेलंच. ३४९ माणसं गेली. आणि रडारवर दिसतात म्हणे, तेव्हा दिल्लीच्या रडारवर उंची दिसतच नव्हती!

धावपट्टी_२७:
मी सध्या ट्रेनिंग करतोय. क्लिअरन्स (कंट्रोलरची परवानगी) मिळाला तरी बाहेर बघायचं काम पायलटचंच. समोरासमोर आलात तर दोघांनी उजवीकडे वळायचं, आडवं येणारं विमान आपल्या उजवीकडे असेल तर आपण वाट द्यायची. पण दिसलं पाहिजे ना आधी. काचेत सरकत जाणाऱ्या ठिपक्याची एवढी भीती नसते, जो एकाच जागी चिकटून बसतो आणि मोठा होत जातो तो थेट अंगावर येतोय. मी तसला एक ठिपका डास समजून काच पुसायला हात नेला होता, शेजारून सर जे काही ओरडले ते इथे लिहिता येणार नाही.

खोडसाळ_म्हातारा:
हे सेसनासारख्या छोट्या विमानाला ठीक आहे रे. दोन जेट ताशी ८००-८०० किलोमीटरच्या स्पीडने समोरासमोर आले की १० किलोमीटर २२-२३ सेकंदात संपतात, त्यात ढग असले तर बघणार काय कपाळ? म्हणून तर टीकॅस, टक्कर टाळायला विमानातच बसवलेलं यंत्र. दादरीला दोघांकडेही नव्हतं. आणि २००२ ला जर्मनीत युबरलिंगनला दोघांकडे होतं, तर रशियन विमानाला टीकॅस म्हणतंय वर जा, कंट्रोलर म्हणतोय खाली जा, त्यांनी कंट्रोलरचं ऐकलं आणि दुसऱ्या विमानाचं टीकॅस त्याला खालीच पाठवत होतं. ७१ गेले, त्यात शाळकरी पोरं किती होती.

रानवेडा:
बाप रे. मग आता दोघं वेगवेगळं बोलले तर?

धावपट्टी_२७:
टीकॅसचंच ऐकायचं, कंट्रोलर काहीही म्हणो. कंट्रोलरला फक्त 'टीकॅस आरए' (म्हणजे टीकॅसने वर किंवा खाली जायला सांगितलंय) एवढं कळवायचं, मग तोपण सूचना देणं थांबवतो.