शाळेला अचानक सुट्टी आणि घरात कुणीच नाही : तुमचे अनुभव लिहा

पारिजात

काल रात्री पावणेअकराला वर्गाच्या ग्रुपवर मेसेज आला. "पालकांनी नोंद घ्यावी, उद्या शाळेला सुट्टी आहे." मी ओटा पुसत होते. लेक झोपलेली, नवरा रात्रपाळीला आणि मला सकाळची सात बावीसची लोकल. फडकं हातात तसंच राहिलं आणि एकदम तिसरीतली मी डोळ्यांसमोर आले.

कुणी मोठे पुढारी गेल्याची बातमी आली, दोन मिनिटं उभं केलं आणि शाळा सोडून दिली. पोरं ओरडत पळाली. आमच्या घराची किल्ली आईकडे, आई पोस्टात, शेजारच्या काकू गावाला गेलेल्या. मी जिन्याच्या चौथ्या पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन साडेअकरापासून बसले ते सव्वासहापर्यंत. डबा मधल्या सुट्टीतच संपला होता. आई आली, मला पाहिलं आणि काही न बोलता माझ्या शेजारी पायरीवरच बसली. दार उघडायचंही तिला सुचेना. दुसऱ्या दिवसापासून काळ्या दोऱ्यात ओवलेली किल्ली माझ्या गळ्यात आली. गणवेशाच्या आत असायची, थंडीत छातीला गार लागायची.

सुट्टी देऊच नका असं माझं म्हणणं नाही. पाऊस कोसळत असेल तर पोरं घरीच बरी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, तो दिवस ज्यांनी पाहिलाय त्यांना हे सांगायला नको. पण निर्णय रात्री होतो आणि ज्या घरात दुसरं माणूस नाही, त्या घरावर तो सगळा येऊन पडतो. तुमच्याकडे काय करता?

चाफा

चौथी पायरी वाचून रडू आलं गं.
मी चार घरी पोळ्या करते. शाळेला सुट्टी म्हटलं की माझी दोन पोरं घरात. पण ज्यांच्याकडे कामाला जाते त्यांचीही मुलं घरात, म्हणून त्यांना त्या दिवशी मी हवीच, पोळ्याही जास्त लागतात. खाडा केला तर पैसे कापतात. धाकट्याला घेऊन जाते, तो एका घरी ओट्याखाली बसून चित्रं काढतो. मोठी नऊची आहे, तिला आतून कडी लावायला सांगते. दर तासाला फोन करते. एकदा तिने उचलला नाही तेव्हा तवा गॅसवर ठेवून पळाले. आंघोळीला गेली होती.

दुसरी पाळी

चाफाताई, तुमच्या चाळीत अजून कुणाची मुलं घरी असतात का? आमच्या इमारतीत आम्ही पाच घरांनी ठरवून घेतलंय. ज्याची दुपारची पाळी त्याच्याकडे सकाळी सगळी पोरं. मी आठ जणांना खिचडी घालतो. कांदा कापायला तीही बसतात.

चाफा

आहेत हो दादा. पण सगळ्याच सकाळी कामाला जाणाऱ्या.

नागपुरी आजी

आमच्याकडचं ऐका. विदर्भात ऊन जास्त म्हणून आमच्या शाळा उशिरा उघडतात. २०२५ ला तिकडे तुमच्याकडे १६ जूनला, आमच्याकडे २३ ला. ते बरोबरच आहे. पण त्याच वर्षी पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत नेल्या! नागपूरचा एप्रिल म्हणजे काय असतो बाप्पा. नातू घरी यायचा तेव्हा कान लाल आणि पाण्याची बाटली गरम. मुलगा-सून दोघंही नोकरीला, त्यांनी आधीच्या सवयीने माझ्याबरोबर पोट्ट्यांची पुण्याची तिकिटं काढून ठेवलेली, ती रद्द केली. पैशाचं जाऊ द्या, माझ्या बहिणीचं ऑपरेशन होतं, मला जायचंच होतं. जाता आलं नाही. ती बरी आहे आता.

पारिजात

आजी, बहीण बरी आहे हे वाचून बरं वाटलं. भेट झाली का नंतर?

नागपुरी आजी

दिवाळीत झाली. दोघी रात्रभर बोलत बसलो.

खडू-फळा

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. पालकांचा राग आमच्यावर निघतो म्हणून लिहिते. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरली पाहिजे असं आहे. त्याच कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती आणि निवडणूक या कामांना शिक्षकांना लावता येतं. २०२४ ला लोकसभा झाली आणि २० नोव्हेंबरला विधानसभा. आधी प्रशिक्षणं, मग आदल्या दिवशी साहित्य ताब्यात घ्यायचं, रात्र केंद्रावर, दुसऱ्या रात्री पेट्या जमा करून घरी. आमची दोन शिक्षकी शाळा, दोघांनाही ड्युटी. चार वर्गांना कुणी शिकवायचं?

आणि माझा स्वतःचा मुलगा सहा वर्षांचा. मी बूथवर, हे दुसऱ्या जिल्ह्यात. त्याला अंगणवाडीच्या ताईंनी सांभाळलं. रात्री फोनवर म्हणाला, "आई, तू आज शाळेतच झोपणार का?" मी खरंच एका शाळेतच झोपले होते, दुसऱ्या गावच्या. बाकं जोडून.

दिवस भरून काढायला मग शनिवारी पूर्ण वेळ शाळा घेतो. रजिस्टरमध्ये दिवस भरतात. पण ज्या आठवड्यात पोरांची मांड बसलेली असते तो आठवडा परत येत नाही.

रिक्षाकाका

ताई, व्हॅनवाल्याकडे पण बघा. सुट्टीचा मेसेज मला कुणी करतच नाही. सकाळी सहाला पावसात दोन दारं वाजवून झाल्यावर तिसऱ्या घरी कळतं.

दुसरी पाळी

काका, महिन्याचे पैसे मिळतात का पूर्ण?

रिक्षाकाका

काही देतात, काही दिवस मोजतात. मे महिन्याचे निम्मेच. त्यात भांडत नाही, पोरं रोजची आहेत.

कोयता

आमच्या बीडकडं उलटंच आहे. दिवाळीची सुट्टी संपली की शाळा भरते आणि आम्ही ऊसतोडीला निघतो. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते, थांबता येत नाही. मी सहावीपर्यंत दर वर्षी एका शाळेत पहिली चाचणी द्यायचो आणि परीक्षेला मार्चअखेर परत. मधलं सगळं फडात. मास्तर चांगले होते, वह्या ठेवायचे माझ्यासाठी. पण इतिहासाच्या पुस्तकाची मधली पानं मी कधी वाचलीच नाहीत.

आता माझी पोरगी हंगामी वसतिगृहात नाव घालून आजीकडं गावातच ठेवलीय. जेवणाची सोय होते. शाळा नीट भरली की आम्ही दोघं तिकडं निवांत ऊस तोडतो. शाळा चार दिवस बंद म्हटलं की बायकोच्या जिवाला घोर, कारण आजीला नीट दिसत नाही अन् पोरगी आता अकराची झाली. समजून घ्या.

पारिजात

समजलं दादा. अगदी समजलं.

चाफा

तिला जपा. शिकू द्या तिला.

समुद्रकिनारी

आमच्या कोकणात गणपतीला मोठी सुट्टी असते. तिच्याबद्दल कधीच कुणी कुरकुरत नाही. कारण जूनमध्येच भिंतीवर लिहिलेली असते आणि तेव्हा अख्खं घर, चाकरमानी, आत्या, काका सगळे हजर. पोरं कुणाच्या ताटात जेवली तेही कळत नाही. आधी माहीत असलेल्या सुट्टीचा त्रासच होत नाही. आमच्याकडे त्रास होतो तो नदीला पाणी आल्यावर. साकव, म्हणजे आमचा छोटा पूल, बुडाला की मुलं पलीकडेच, आणि तो बुडतो मुलं सकाळी शाळेत जाऊन बसल्यावर.

मधली सुट्टी

विषय थोडा वेगळा, कोरोनातल्या बंद शाळांचा. माझी मुलगी २०२० च्या जूनमध्ये पहिलीला गेली आणि वर्गात पहिल्यांदा बसली ती डिसेंबर २०२१ ला, दुसरीत. जानेवारीत परत बंद. अजून तिला "ध" आणि "घ" मध्ये थांबून विचार करावा लागतो. हुशार आहे, पण थांबते. तिच्या वर्गात अशी बरीच आहेत. आम्हा दोघांकडे मिळून एकच फोन होता आणि तो दिवसभर ह्यांच्याबरोबर बाहेर.

सई_नव्हे_आई

माझं छोटंसंच आहे. मुंबई, ऑगस्ट २०२५. १५ तारीख शुक्रवार, शनिवारी दहीहंडी, रविवार, सोमवारी पावसामुळे दुपारच्या शाळा रद्द, मंगळवारी सगळ्याच बंद. आमची दुपारची शाळा. पाच दिवस. मग २७ ला गणपती.

गुरुवारी बाईंनी भागाकार सुरू केला होता. परवा मुलाची जुनी वही चाळली. ९६ भागिले ४. नवातून आठ गेले, एक उरला, आणि पुढे वहीचं पान कोरं. सगळी गणितं अशीच. एक उरला, थांबला. मला आधी वाटलं कंटाळा केला. विचारलं तर म्हणाला, "पुढचं बाई सोमवारी सांगणार होत्या." मी नऊला घरी येते, मला ते तेव्हा दिसलंच नाही. अजूनही त्याला दोन अंकी संख्या आली की तिथेच अडखळायला होतं. शिकवणी लावावी का?

खडू-फळा

शिकवणी नको. त्याला पायरी चुकलेली नाही, पुढची मिळालीच नाही. पैसे घ्या, नाण्यांनी करा. दहाच्या नऊ नोटा आणि एकाची सहा नाणी, चौघांत वाटायची. प्रत्येकाला दोन नोटा दिल्या की एक नोट उरते. ती चौघांत वाटता येत नाही, म्हणून तिची दहा नाणी करायची आणि त्यात ती सहा मिळवायची. सहा खाली उतरवणं म्हणजे एवढंच. त्याच्याच हाताने करू द्या, मध्ये बोलू नका.

नागपुरी आजी

राजमा किंवा चिंचोके घेतले तरी चालतात. मी नातवाला तसंच शिकवून राहिले.

समुद्रकिनारी

चिंचोके मिळतात का हो आता?

नागपुरी आजी

माझ्याकडे डबाभर आहेत. पत्ता व्यक्तिगत संदेशात पाठवा.

चाफा

पारिजातताई, आजचं काय केलं मग? लेक कुठे आहे?

पारिजात

अगं सांगायचं राहिलंच. नवरा रात्रपाळीवरून सव्वाआठला आला, तोवर खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे ठेवली. तो न झोपता बसलाय तिच्याबरोबर. लोकलमधून लिहितेय. तिच्या गळ्यात किल्ली घालावी का, हे काल रात्रीपासून डोक्यात आहे. सात वर्षांची आहे. हात होत नाही.

सई_नव्हे_आई

@खडू-फळा, नाणी कमी पडली, शेंगदाणे घेतले. उरलेल्या दहाच्या नोटेकडे बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "हिचे सुट्टे करून दे." सोळा झाले, चार-चार वाटले. २४. आता स्वतःच ७२ भागिले ३ मांडून बसलाय आणि शेंगदाणे खाऊ नको म्हणून मलाच ओरडतोय.