मदत हवी आहे: पुण्याजवळ घोडीसाठी चांगला तबेला

नमस्कार मंडळी. सारंगखेड्याच्या बाजारातून घेतलेली आमची मारवाडी घोडी पुण्याजवळ महिनेवारीने तबेल्यात ठेवायची आहे. मांजरी किंवा मुळशीकडचा कुणाला अनुभव आहे का?

किमान १२ बाय १२ फुटांचं ठाण हवं, पावसाळ्यातही कोरडं, कारण ओलीत उभं राहून खूर सडतात. रोज मोकळं सोडायला जागा हवी. आणि वैरण दिवसभर समोर हवी. नुसती चंदी (दाणा) घालून घोडं बांधून ठेवलं की पोटशूळ उठतो, तो जिवावर बेततो. म्हणूनच मोतद्दार (घोड्यांची देखभाल करणारा माणूस) रात्रीही तिथेच राहतो का, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नालबंद साधारण ६ आठवड्यांनी येतो का? नव्या घोड्यांची ग्लँडर्ससाठी (घोड्यांचा एक संसर्गजन्य रोग) रक्ततपासणी होते का? महिन्याच्या पैशांत काय काय धरतात, तेही कृपया सांगा.