मदत हवी आहे: लाइन नसलेलं घर, सोलर आहे, पण पावसात बॅटरी रात्रीचे नऊ बघत नाही

सड्यावरची:

नमस्कार मंडळी. सोलरवरचे इथले जुने धागे चाळले पण ते सगळे सोसायटीच्या गच्चीवरचे, बिल शून्य आलं वगैरे. आमच्याकडे बिलच येत नाही कारण लाइनच नाही, म्हणून वेगळा धागा काढतेय. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

मी, नवरा आणि सासूबाई आंबोलीच्या पुढे नवऱ्याच्या आजोळच्या जमिनीत छोटंसं घर बांधून राहतोय. दोन खोल्या नि पुढे पडवी, चिऱ्याच्या भिंती, वर कौलं. सगळ्यात जवळचा पोल सव्वा किलोमीटरवर, मध्ये दुसऱ्यांच्या जमिनी आणि रान, त्यामुळे लाइन आणायचा नाद सोडून दिला. पाणी वरच्या झऱ्यावरून पाइपने आपसूक येतं, पंप नाही. स्वयंपाक गॅस आणि चुलीवर, लाकडं आगोटीलाच माळ्यावर भरून ठेवलीत. म्हणजे बाकी सगळं झकास चाललंय, वीज तेवढी रडवतेय.

सिस्टीम अशी आहे: ३३५ वॅटची दोन पॅनल, १२ व्होल्ट १५० एएचची एक ट्युब्युलर बॅटरी, ८५० व्हीएचा इन्व्हर्टर आणि भिंतीवर एक सोलर चार्ज कंट्रोलर (पॅनलची वीज बॅटरीत भरणारा डबा). तालुक्याच्या ठिकाणच्या एका दुकानदाराने बसवून दिली, वर म्हणाला ताई पावणेसातशे वॅट आहे, टीव्ही फ्रिज सगळं चालेल. फ्रिज अजून घेतलाच नाहीये. चार एलईडी बल्ब संध्याकाळी पाचेक तास, दोघांचे लॅपटॉप (नवऱ्याचं काम ऑनलाइन आहे, माझं अर्धवेळ), राउटर, मोबाईल, दिवसातून एकदा मिक्सर. पंखा एप्रिल-मे सोडला तर इथे लागत नाही.

उन्हाळ्यात निभावलं, म्हणजे तेव्हाही रात्री अकराच्या पुढे कधीकधी इन्व्हर्टर केकाटायचा पण चालून गेलं. जून लागला आणि सगळं बसलं. इथला पाऊस वीकेंडला धबधब्याखाली भिजून जाणाऱ्यांना कळायचा नाही, वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि पडत नसेल तेव्हा धुकं, जुलैत आठ-आठ दिवस स्वतःची सावली दिसत नाही. आता रात्री नऊ झाले की बॅटरी लो, मग मेणबत्त्या, आणि सासूबाई म्हणतात आमच्या वेळी रॉकेलचा कंदील यापेक्षा बरा होता, त्यांना काय उत्तर देणार.

दुकानदाराला फोन केला तर म्हणतो अजून एक बॅटरी जोडा. खरंच त्याने फरक पडेल का? पॅनल वाढवावीत का? की इथे पावसाळ्यात सोलर चालतच नाही? आणि गणपती तोंडावर आलेत, मुंबईहून दीर-जाऊ, पोरंटोरं धरून दहा-बारा माणसं येणार, तेवढ्यापुरतं काय करता येईल तेही सांगा.

उंटावरचा शहाणा:

पुण्यात या ताई, इथे लाइन आहे आणि तरी रात्री नऊला जाते. :)

(सॉरी, राहवलं नाही. जाणकार येईपर्यंत धागा वर ठेवतोय.)

जुना वायरमन:

घाईने बॅटरी घेऊ नका. आधी तीन गोष्टी बघून इथे टाका. पॅनलच्या मागे लेबल असतं त्यावर व्हीएमपी आणि आयएमपी (पॅनल काम करतानाचं व्होल्टेज आणि करंट) लिहिलेलं असेल ते आकडे, कंट्रोलरवर एमपीपीटी लिहिलंय की पीडब्ल्यूएम (हे कंट्रोलरचे दोन प्रकार), आणि बॅटरीच्या झाकणातून हायड्रोमीटरचं रीडिंग, म्हणजे आतल्या ॲसिडची घनता. हायड्रोमीटर नसेल तर गाडीच्या बॅटरीवाल्याकडे शंभर-दोनशेत मिळतो, तुमच्यासारख्यांच्या घरात तो थर्मामीटरसारखा पाहिजेच.

सड्यावरची:

लेबल बघायला नवरा शिडी लावून चढला, मी छत्री धरून खाली. व्हीएमपी ३७.८, आयएमपी ८.८७. कंट्रोलरवर पीडब्ल्यूएम ३० अँपिअर असं आहे. हायड्रोमीटर शेजारच्या वाडीतल्या ट्रॅक्टरवाल्याकडून आणला, सहाही खान्यांत ११५० च्या आसपास दाखवतोय. हे वाईट आहे ना?

जुना वायरमन:

वाईट आहे. या बॅटऱ्या भरल्यावर १२४० च्या आसपास दाखवतात, ११५० म्हणजे तळाला गेलेली. आणि महिनोन् महिने अशी अर्धपोटी ठेवली तर प्लेटवर सल्फेट धरतं, मग ऊन आलं तरी पूर्ण भरत नाही.

आता खरं दुखणं ऐका. तुमचं पॅनल ३७ व्होल्टला काम करणारं आहे आणि बॅटरी १२ ची. पीडब्ल्यूएम कंट्रोलर काय करतो, पॅनलला सरळ बॅटरीला जोडतो, त्यामुळे पॅनलचं व्होल्टेज ओढलं जाऊन १३ वर येतं आणि करंट मात्र तेवढाच राहतो, ८.८७. गुणाकार करा, ११५ वॅट. म्हणजे ३३५ चं पॅनल कडक उन्हातसुद्धा ११५ देतंय, दोन मिळून २३०. पावणेसातशे वॅट छपरावर आहेत, बॅटरीपर्यंत त्याचा तिसरा हिस्सा पोचतो. उन्हाळ्यात अकराला केकाटायचा तो यामुळेच. एमपीपीटी कंट्रोलर जास्तीचं व्होल्टेज करंटमध्ये बदलून देतो, म्हणून याच पॅनलवर तुम्हाला अडीच-पावणेतीनपट मिळायला हवं.

दुसरी बॅटरी म्हणजे विहिरीत पाणी नाही म्हणून आणखी एक घागर विकत आणण्यासारखं आहे. दुकानदाराचं घागरी विकणं हे काम आहे, तो सांगणारच.

दुसरं, इन्व्हर्टर. घरात एकही बटण चालू नसलं तरी हा डबा स्वतःच १५-२० वॅट खातो. चोवीस तासांचे ३६० ते ४८० वॅट-तास झाले. तुमच्या बॅटरीत कागदावर १२ गुणिले १५० म्हणजे १८०० वॅट-तास आहेत, त्यातले निम्मेच वापरायचे असतात, म्हणजे ९०० मधले जवळपास निम्मे इन्व्हर्टरच्या पोटात. आजपासून लॅपटॉप-मिक्सरपुरता चालू करा नि बंद करा. बल्ब १२ व्होल्ट डीसीचे घ्या, बॅटरीवरून फ्यूज टाकून थेट लाइन ओढा. राउटर बहुतेक १२ व्होल्टवरच चालतो, त्याला एक छोटा डीसी कन्व्हर्टर लावला की झालं. लॅपटॉपला गाडीत लावायचा ६५ वॅटचा टाइप-सी चार्जर मिळतो तो चालतो का बघा.

गणपतीसाठी सरळ मंडपवाल्याकडून छोटा जनरेटर भाड्याने आणा, सकाळी पाच-सहा तास इन्व्हर्टरला लावा, बॅटरी चार्ज होईल आणि मिक्सर, वाटण, मोबाईल सगळं त्याच वेळेत उरकून घ्या. माळा एलईडीच्या लावा, त्या काही खात नाहीत.

पावशेर:

पवनचक्की का नाही लावत? सड्यावर वारा तर भन्नाट असणार.

जुना वायरमन:

छोट्या पवनचक्कीवर जे वॅट छापलेले असतात ते साधारण सेकंदाला बारा मीटर वाऱ्याचे असतात. वारा निम्मा झाला की वीज निम्मी होत नाही, आठवा हिस्सा होते. बाराचा चार झाला तर सत्ताविसावा. त्यात घराभोवती झाडं असतील तर वारा गटांगळ्या खात येतो. उंच खांब, त्याला ताण, वर ग्रीस घालायला दर वर्षी चढायचं. जमणाऱ्याने करावं, मी सुचवणार नाही.

सड्यावरची:

वायरमनकाका, तुमचे खूप खूप आभार, दुकानदाराला हा गुणाकार वाचून दाखवला तर गप्प बसला. मग एमपीपीटी लावला की पावसाळ्यातलं भागेल का? अजून दोन पॅनल घेतली तर? आणि सरकारी सबसिडी मिळते म्हणतात ती?

जुना वायरमन:

सबसिडीचं विसरा. २०२४ ला आलेली सूर्यघर योजना वीज कनेक्शन असलेल्या घरांसाठी आहे, तुमच्याकडे मीटरच नाही. सौर पंपाची योजना आहे पण तुम्हाला पंपच नको.

भागेल का तर, दाट ढगात पॅनल १० ते २० टक्के देतं. दोन पॅनल नि एमपीपीटी मिळून वाईट दिवशी अर्धा युनिट, बऱ्या दिवशी एक. तुमची गरज इन्व्हर्टर बंद ठेवला तर एक युनिटच्या आतबाहेर आहे. चार पॅनल केलीत तर बहुतेक दिवस सुटतील, पण चार पॅनल १२ व्होल्टवर नेऊ नका, करंट शंभर अँपिअरच्या घरात जातो, मनगटाएवढ्या वायरी लागतील. २४ व्होल्ट करा. इन्व्हर्टरही मग २४ चा लागेल. बॅटरी बदलायचीच वेळ येणार आहे तेव्हा जमलं तर लिथियम फॉस्फेट घ्या, २५.६ व्होल्ट १०० एएच म्हणजे अडीच युनिट. महाग आहे, पण एक गोष्ट तुमच्यासाठी लाखमोलाची, ती अर्धवट भरलेली राहिली तर बिघडत नाही.

आणि पॅनल फार तिरकी असतील तर उतरवा. तुमच्याकडे मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, आणि ढगाळ उजेड तर चहूकडून येतो. दहा-बारा अंश पुरे, पाणी नि शेवाळ ओघळून जाईल एवढंच. इन्व्हर्टरच्या जाळीला बारीक नेट लावा, पाली आत ऊब शोधत शिरतात, बोर्डावर आडव्या पडल्या की पाल पण जाते नि बोर्ड पण.

खानापूरकर:

उशिरा आलो. सड्यावरची ताई, सात हजार मिलिमीटर पाऊस आणि घराशेजारी व्हाळ नाही असं होणार नाही. आहे का?

आमचं रान खानापूर तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीत. इकडून खाली मलनाडात शिमोगा, चिकमगळूरकडे अशी कितीतरी घरं आहेत ज्यांच्याकडे ओढ्यावर छोटं टर्बाइन (पाण्याच्या जोराने फिरून वीज देणारं चाक) आहे, पाऊस पडला की वीज. तुम्हाला नेमकी तेव्हाच हवी आहे.

हिशोब सोपा आहे. सेकंदाला किती लिटर गुणिले किती मीटर उंचीवरून गुणिले ९.८१, आणि आलेल्या वॅटचे निम्मे धरायचे. दोन लिटर आणि पंधरा मीटर असेल तर जवळजवळ दीडशे वॅट. दीडशे ऐकून हसू नका, रात्रंदिवस चोवीस तास आहे, साडेतीन युनिट होतात. वायरमनसाहेबांच्या चार पॅनलपेक्षा पावसात जास्त.

उंची मापायला गवंड्याची लेव्हलची नळी घ्या, टप्प्याटप्प्याने काठीवर खुणा करत खाली या. पाणी मापायला वीस लिटरची बादली आणि मोबाईलचं स्टॉपवॉच.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. सोलरचा कंट्रोलर टर्बाइनला लावायचा नाही. बॅटरी भरली की तो पॅनल तोडतो, पॅनलला काही होत नाही, पण टर्बाइनचा लोड तोडला तर ते सुसाट सुटतं आणि बेअरिंग फेकून देतं. त्याला डंप लोडचा कंट्रोलर लागतो, उरलेली वीज हीटरच्या कॉइलमध्ये घालवायची, आमच्याकडे ती आंघोळीच्या पाण्यात आहे. दुसरी गोष्ट वायर. टर्बाइन घरापासून शंभर मीटरवर असेल नि २४ व्होल्टने आणायचं म्हटलं तर ६ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घेऊनही चारेक व्होल्ट वाटेत उडतात.

सड्यावरची:

व्हाळ आहे! घराच्या मागच्या अंगाला, रात्री त्याचाच आवाज ऐकत झोपतो आणि हे डोक्यात आलं नव्हतं. काल जरा उघडीप मिळाली तशी गवंड्याला बोलावून नळीने मापलं. वरच्या डोहापासून खाली फणसापर्यंत १७ मीटर, पाइप साधारण सत्तर मीटर लागेल, फणसापासून घर चाळीस मीटर. बादली सगळं पाणी न घेता, एका चिंचोळ्या जागी मातीचा बांध घालून पाइप लावला तर अकरा सेकंदांत भरली. सासूबाई काठावर उभ्या राहून सेकंद मोजत होत्या, त्यांचे नऊच झाले.

गणपतीला जनरेटर ठरवलाय, डीसी बल्ब आलेत, इन्व्हर्टर बंद ठेवायला लागल्यापासून दिवे साडेदहापर्यंत जातात. एमपीपीटी दिवाळीआधी घेऊ. व्हाळाचं पाणी खाली एका बागायतदाराला जातं, त्यांना विचारलं, टर्बाइनमधून परत व्हाळातच सोडणार असाल तर हरकत नाही म्हणाले. आता पाइप किती इंची घ्यायचा आणि पाला अडकतो त्याचं काय करायचं ते सांगा.

खानापूरकर:

छान माप आहे, दीडशे वॅट कुठे जात नाहीत. पाइप ६३ मिमीचा एचडीपीई घ्या, त्याहून बारीक घेतला तर घर्षणात उंची वाया जाते. तोंडाशी सरळ जाळी लावाल तर तासाभरात पाल्याने बुजेल, जाळी तिरकी लावा, पाणी वरून वाहत जाईल असं, पाला आपोआप पुढे जातो. तरी जोराचा पाऊस झाला की जाऊन हात फिरवावा लागतोच, जळवांसाठी मीठ खिशात ठेवा.

नोझल, म्हणजे टर्बाइनवर पाण्याची धार मारणारं तोंड, आत्ताच्या पाण्याला ११-१२ मिमीचं बसेल, पण हे माप भर पावसातलं आहे. दसऱ्याला एकदा आणि दिवाळी झाल्यावर एकदा परत बादली लावा. पाणी निम्म्यावर आलं तर ८ मिमीचं लागेल, म्हणून टर्बाइनवाल्याला दोन्ही मापांची नोझल मागा, नंतर एकट्या नोझलसाठी कुरिअर घाटावर चढत नाही.