तळणीच्या तेलाचे डिझेल आणि संमतीची कटकट

नाल्याकाठचा :
वापरलेल्या खाद्यतेलापासून बायोडिझेल करणाऱ्या लहान उद्योजकाकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, म्हणजे कारखाना चालवण्याची परवानगी, मागणे म्हणजे पर्यावरणाच्या नावाने पर्यावरणाचाच गळा घोटणे होय, असे 'तेलघाणा' यांनी काल येथे लिहिले. ते वाचून राहवले नाही. शंभर लिटर तेलाला साधारण २० लिटर मिथेनॉल लागते; ते विषारी तर आहेच, शिवाय त्याची ज्योत दिवसाउजेडी धड दिसतही नाही. तयार इंधन पाण्याने धुतल्यावर जे दुधासारखे पाणी उरते, त्यात साबण, ग्लिसरीन आणि उरलेसुरले मिथेनॉल असते. आमच्या वसाहतीमागच्या एका गाळ्यातून ते रात्री नाल्यात सोडले जाई आणि पहाटे नाल्यावर वीतभर फेस दिसे. १९७४चा जलप्रदूषण रोखणारा कायदा नेमका याच पाण्यासाठी आहे.

तेलघाणा :
एका गाळ्याने केलेल्या पापाची शिक्षा सगळ्यांना कशासाठी? माझा अर्ज एका कार्यालयात अकरा महिने पडून होता. त्याच सुमारास गुजरातेत आणि आपल्याकडे महामार्गांवर औद्योगिक तेले 'बायोडिझेल' म्हणून सर्रास विकली जात होती, आणि त्या पंपांना कसलाही परवाना नव्हता. केंद्राचे २०१८चे जैवइंधन धोरण २०३०पर्यंत डिझेलमध्ये पाच टक्के बायोडिझेल मिसळायचे म्हणते. ते काय फायलींमधून गाळून काढायचे?

खाणावळ :
आपण दोघे पाण्यावरून भांडत आहात, पण मुळात तेल येते कोठून? तळणीच्या तेलात ध्रुवीय संयुगे, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने तयार होणारे खराब घटक, २५ टक्क्यांवर गेली की ते वापरायचे नाही, असा नियम आहे. तेलाची नोंदवही मात्र दिवसाला ५० लिटरांहून अधिक तेल तळणीला वापरणाऱ्यांनीच ठेवायची. माझ्यासारख्यांकडे स्कूटरवर डबे लटकवून एक माणूस येतो, बायोडिझेलवाल्यांपेक्षा किलोमागे चार रुपये जास्त देतो आणि पावती देत नाही. ते काळे तेल पुढे भजी-वड्यांच्या गाड्यांवर जाते, हे सर्वांना ठाऊक आहे.

भजीवाल्याचा मुलगा :
'सर्वांना ठाऊक आहे' हा पुरावा नव्हे. माझ्या वडिलांनी बावीस वर्षे गाडी चालवली. उरलेले तेल ते दिव्यांसाठी देवळात देत. गाडीवाल्यांवर बोट ठेवण्यापूर्वी हे सांगा की, त्या स्कूटरवाल्याला तेल विकते कोण?

खाणावळ :
मी दोनदा विकले आहे. झाले समाधान? म्हणूनच म्हणते की, नोंदवही माझ्यासारख्यांनाही लागू करा.

भजीवाल्याचा मुलगा :
त्यात गाडीवालेही आलेच. म्हणजे चार रुपये आपण घ्यायचे आणि वही गाडीवाल्याने लिहायची! धन्य आहे.

तेलघाणा :
वही जरूर ठेवा, पण ते तेल कायदेशीरपणे घेणारा जवळपास असेल तरच तिचा उपयोग, आणि तो घेणारा मीच आहे. राहिला पाण्याचा प्रश्न, तर मी इंधन पाण्याने धूतच नाही, रेझिनमधून, म्हणजे अशुद्धी शोषून घेणाऱ्या दाण्यांमधून, गाळतो. अकरा महिन्यांत ते पाहायला कोणी फिरकले नाही.

नाल्याकाठचा :
रेझिन वापरत असाल, तर पाण्याचा आक्षेप आपल्यापुरता, आणि केवळ आपल्यापुरताच, मागे घेतो. अकरा महिने लागू नयेत, हेही खरे. मात्र मिथेनॉलची पिंपे आपण कोठे ठेवता, हे अजून आपण सांगितलेले नाही.