जाड कलाकागद, घरचा इंकजेट आणि कृष्णधवल छपाई : आपले अनुभव

नमस्कार. शाई, प्रोफाइल (त्या त्या कागदासाठी प्रिंटरला छटा सांगणारी फाइल) आणि करड्या छटा यांवर आपण पुष्कळ बोलतो; पण जाड कापशी कागद प्रिंटरमधून नीट सरकला नाही, तर त्या साऱ्या मेहनतीवर पाणी पडते, याविषयी क्वचितच कोणी लिहिते. आपला कागद, आपले गाव, तेव्हाचा ऋतू आणि नेमके काय बिघडले, हे कृपया सविस्तर लिहावे.

सुरुवात मीच करतो. कार्यालयातला कागद साधारण 75 ते 80 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचा असतो. मी वापरतो तो हानेम्यूल या जर्मन कंपनीचा फोटो रॅग हा कापशी कागद 308 जीएसएमचा, म्हणजे जाडीला जवळजवळ अर्धा मिलिमीटर. मेणवलीच्या घाटाचे चित्र छापत असताना शेवटच्या दोन इंचांत खर्र असा आवाज आला आणि नदीच्या पाण्यावर जिथे उजेड होता, तिथेच काळा फराटा उमटला. कागदाची मागची कड रोलरमधून सुटली की मोकळी होते. ती जराशी वर उचललेली असेल तर शाई फवारणारे हेड तिच्यावर घासते. तेव्हापासून मी दोन गोष्टी कधीच चुकवत नाही. ड्रायव्हरमध्ये (संगणकावरच्या प्रिंटरच्या सेटिंगमध्ये) प्लेटन गॅप, म्हणजे हेड आणि कागदाखालचा पाट यांतले अंतर, रुंद करतो, आणि कडा वर वळलेल्या असतील तर छपाईची बाजू बाहेर ठेवून, मध्ये स्वच्छ कागद घालून, जाड पुठ्ठ्याच्या नळीवर काही सेकंद गुंडाळतो. कोपरे टेबलाला टेकले की पुरे. त्याहून अधिक गुंडाळले तर कागद मध्येच फुगतो.

*रत्नागिरीहून*

आमच्याकडे जुलैत कागदाचे पाकीट उघडे राहिले आणि दोन दिवसांत चारही कडांना लाटा आल्या, कारण दमट हवेत कडा आधी ओल पितात आणि मधला भाग मागे राहतो. अशा लाटा नळीवर गुंडाळून जात नाहीत, हे मी चार कागद वाया घालवून शिकले. आता पाकीट चिकटपट्टीने बंदच असते, एका वेळी एकच कागद बाहेर येतो आणि लगेच प्रिंटरमध्ये जातो. छापलेला कागदही मी एक अख्खा दिवस उघडा वाळू देते आणि मगच दोन सपाट पाट्यांमध्ये ठेवते.

*नागपूरहून*

माझी अडचण नेमकी उलटी आहे. ओल लागेल या भीतीने मी मे महिन्यात कूलर बंद करून छपाईला बसलो, आणि कोरड्या हवेत तासाभरात चारही कोपरे छपाईच्या बाजूला वर वळले. पाकीट उघडून कागद टेबलावर मांडून ठेवणे हीच माझी चूक होती.

*दादरहून*

हेड कुठेही न घासता माझी चित्रे बिघडत होती. काळ्याभोर आकाशात सुईच्या टोकाएवढे पांढरे ठिपके दिसत, आणि नोझल चेक, म्हणजे हेडची छिद्रे मोकळी आहेत का हे दाखवणारी चाचणी छपाई, तर दर वेळी निर्दोष येई. शेवटी भिंग लावून पाहिले, तेव्हा एका ठिपक्याच्या कडेला कापसाचा तंतू अजून लटकत होता. छपाईपूर्वी सुटे तंतू आणि कोटिंगची (शाई धरून ठेवणाऱ्या लेपाची) भुकटी पृष्ठभागावर असते, शाई त्यांच्यावर पडते, आणि हे तंतू व भुकटी नंतर गळाली की खालचा कोरा कागद दिसतो. रंगीत चित्रात हे एखादे वेळी खपून जाते, पण मॅट ब्लॅकच्या (बिनचकाकीच्या कागदासाठीच्या काळ्या शाईच्या) सलग काळ्यात नाही. आता मी कागद उभा धरून रुंद, मऊ, कोरड्या ब्रशने एकाच दिशेने झाडते, आणि हे काम प्रिंटरपासून दूर, खिडकीपाशी करते. तोंडाने फुंकर मुळीच मारू नये. थुंकीचा एक सूक्ष्म थेंबही कोटिंगवर डाग पाडतो.

*कोल्हापूरहून*

दादरच्या ताईंनी लिहिलेली भुकटी रोलरवरही बसते, एवढे मी जोडतो. माझा प्रिंटर जाड कागद घेता घेता मध्येच सोडून देई आणि ट्रेमध्ये कागद नसल्याचा संदेश दाखवी. घेतलाच, तर सपाट करड्या आकाशात आडव्या बारीक रेघा येत, कारण रोलर केसभर घसरला तरी पुढची ओळ आपल्या जागी पडत नाही. किंचित ओलसर, तंतू न सोडणाऱ्या कापडाने रोलर पुसल्यावर रेघा गेल्या. तरीही मोठा कागद स्वतःच्या वजनाने मागे ओढला जातो, म्हणून सुरुवातीला मी तळव्याचा हलका आधार देतो. ढकलत मात्र नाही. ढकलले की कागद तिरपा जातो. ज्यांच्या प्रिंटरला पुढून सरळ आत जाणारी वाट आहे, त्यांनी जाड कागदासाठी तीच वापरावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

*पुण्याहून*

मी शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून आणलेल्या जाड कागदावर प्रयोग केला. त्याच्या कडा मुळातच ओबडधोबड असल्याने प्रिंटरला सरळ रेष सापडेना. मी पट्टी धरून पुढची कड कापली, तेव्हा तो विनातक्रार आत गेला. पण त्यावर इंकजेटचे कोटिंग नसल्याने शाई तंतूंमध्ये मुरली आणि काळा रंग कोळशासारखा फिका उतरला. वाड्याच्या दरवाजाचे चित्र त्यात निस्तेज झाले; धुक्यातल्या सिंहगडाचे, ज्यात गडद काळे जवळजवळ नव्हतेच, ते मात्र इतके शोभले की मी ते तसेच चौकटीत बसवले आहे.